बोर्नव्हिलची बाग कशामुळे टिकली?

बोर्नव्हिटाचा डबा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. ठाण्यात तर कारखान्यावरून एका चौकाचं नावच कॅडबरी जंक्शन पडलं. पण डब्यावरचं नाव ज्या गावावरून आलं ते बर्मिंगहॅमच्या दक्षिणेचं बोर्नव्हिल आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कामगारांना हवेशीर घर मिळावं आणि घरामागे स्वतःची बाग असावी म्हणून आखून बांधलेली ही वसाहत. तिला सव्वाशे वर्षं उलटली. वसवणारा माणूस गेला, कंपनी परक्या हातात गेली, तरी झाडं उभी आहेत, घराघरांमधली झुडपांची कुंपणं आहेत, आणि साध्या मिळकतीची माणसं आजही तिथे भाड्याने राहतात.

अशा वसाहतीचा वारसा कसा जपायचा हा विषय निघाला की बोलणं लगेच खिडक्यांच्या चौकटी, छपराची कौलं आणि विटांचा रंग यांवर येतं. इंग्लंडमध्ये तसंच, मुंबईतही तसंच. माझं म्हणणं असं की बोर्नव्हिलमध्ये सर्वांत आधी जपण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली जमिनीची व्यवस्था. ती मोडली तर सगळी कौलं शाबूत राहूनही वसाहत संपलेली असेल.

कॅडबरी कुटुंब क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं. जॉन कॅडबरीने 1824 मध्ये बर्मिंगहॅमला दुकान काढलं आणि 1861 मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी धंदा हाती घेतला. 1879 मध्ये त्यांनी कारखाना शहराच्या धुरातून काढून चारेक मैलांवरच्या मोकळ्या शिवारात नेला. जवळून कालवा जात होता, रेल्वे होती, बोर्न नावाचा ओढा होता. जॉर्ज कॅडबरी कित्येक वर्षं प्रौढ कामगारांच्या शाळेत शिकवत असे. विद्यार्थ्यांच्या घरी जाताना त्याने शहरातल्या कोंदट, पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या पाहिल्या होत्या. माणूस घरात सडत असेल तर त्याला नुसता उपदेश करून काय उपयोग, हे त्याला तिथे कळलं. 1895 मध्ये त्याने कारखान्याशेजारची 120 एकर जमीन हाताशी धरून घरं बांधायला काढली. वास्तुरचनाकार विल्यम अलेक्झांडर हार्वे तेव्हा जेमतेम विशीत होता.

पहिली 143 घरं 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने जवळजवळ बांधणीच्या खर्चातच दिली गेली. हेतू चांगला होता, पण थोड्याच वर्षांत काहींनी ती घरं चांगला नफा घेऊन पुढे विकली. यात त्या घरमालकांना दोष देण्यासारखं काही नाही. जमिनीचा भाव वाढला की कुणीही तेच करेल. पण कॅडबरीने सोडलेला नफा ज्याच्यासाठी सोडला त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता, पहिल्या खरेदीदाराच्या खिशात जाऊन थांबत होता. पुढच्या कामगाराला घर पुन्हा बाजारभावानेच घ्यावं लागणार होतं.

कॅडबरीने यावर जे केलं ते माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत दूरदृष्टीचं काम आहे. 14 डिसेंबर 1900 रोजी त्याने 330 एकर जमीन आणि तिच्यावरची 313 घरं एका विश्वस्त संस्थेच्या नावे करून टाकली. तीच बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट. सुरुवातीला विश्वस्त घरचेच होते हे खरं, पण उत्पन्न घरी नेण्याची वाट कायमची बंद झाली. भाड्यातून जे उरेल ते वसाहतीतच घालायचं, नवी घरं बांधायची, जमीन वाढवायची. ट्रस्ट कंपनीपासून वेगळी ठेवली, आणि घरं कॅडबरीच्या नोकरांपुरती ठेवली नाहीत. सुरुवातीच्या काळातही तिथल्या रहिवाशांपैकी कॅडबरीच्या कारखान्यात काम करणारे निम्म्याहून कमीच होते.

दस्तात घातलेली काही कलमं आजच्या कुठल्याही विकास नियमावलीशेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. घराने भूखंडाच्या एक चतुर्थांशाहून जास्त जागा व्यापायची नाही, बाकीची बाग. शिवाय रस्ते आणि घरबागा सोडून उरलेल्या जमिनीचा दहावा हिस्सा सार्वजनिक उद्यानांसाठी आणि मैदानांसाठी. हे आकडे शोभेसाठी नव्हते. राहायला येणाऱ्या कुटुंबाला बाग आधीच खणून, आखून, फळझाडं लावून मिळायची. मागच्या टोकाला सफरचंद, नासपती, आलुबुखार यांची रांग, म्हणजे दोन घरांच्या परसांमध्ये आपोआप आडोसा. भाजीचे वाफे घराच्या जवळ. बागेतून आठवड्याला जवळपास दोन शिलिंगांची भाजी-फळं निघतात असा हिशेब तेव्हा मांडला गेला होता, आणि मजुराच्या घरखर्चात ती रक्कम लहान नव्हती. लहान घरांत वेगळी न्हाणी बसत नव्हती. हार्वेने मग काही घरांत स्वयंपाकघराच्या जमिनीतच टब बसवला, वर फळी टाकली की पुन्हा पायाखालची जमीन. काही घरांत टब कपाटात उभा करून ठेवता यायचा. मजुराच्या बायकोला गरम पाणी दोन पावलांवर मिळावं म्हणून एवढा विचार करणारा वास्तुरचनाकार मला आजच्या सजावटी दर्शनी भागांपेक्षा जास्त शिकवतो.

त्या काळात या प्रयोगाकडे सगळ्यांचं लक्ष होतं. एबेनेझर हॉवर्डने 1898 मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली आणि तिच्या प्रचारासाठी निघालेल्या संघटनेची 1901 ची परिषद बोर्नव्हिललाच भरली. हॉवर्डच्या कल्पनेचा गाभाही जमीन हाच होता. जमीन सगळ्या गावाच्या मालकीची असावी, आणि गाव वाढल्यामुळे चढलेली तिची किंमत गावाच्याच कामी यावी. झाडं आणि उतरती छपरं हा नंतरचा भाग. लोकांना मात्र छपरं तेवढी लक्षात राहिली.

जमिनीचा हा प्रश्न किती निर्णायक ठरतो ते बोर्नव्हिलच्या भावंडांकडे पाहिलं की उमगतं. साबण बनवणाऱ्या विल्यम लिव्हरने 1888 पासून लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइट उभारलं. देखणेपणात ते बोर्नव्हिलपेक्षा कांकणभर सरसच. तिथली सुमारे 900 घरं आज संरक्षित यादीत आहेत. पण घर होतं कंपनीचं आणि नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की घर गेलं. अशा घरात राहणारा माणूस मालकासमोर मान वर करून बोलणार कसा? आपल्याकडे 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली किर्लोस्करवाडी याच प्रकारातली. माळावर गाव उभं करण्याचं ते काम फार मोठं होतं, याबद्दल मला आदरच आहे. पण कारखाना आणि वस्ती यांची नाळ एकच असली की कारखान्याच्या दैवाबरोबर वस्तीचं दैव फिरतं.

लेचवर्थची कथा अधिक बोलकी आहे. 1903 मध्ये हॉवर्डच्या अनुयायांनी वसवलेली ही पहिली उद्याननगरी. जमीन एका कंपनीच्या नावावर होती, भागधारकांना मर्यादित लाभांश आणि उरलेलं गावाला, असा बेत. पण कंपनी म्हटली की तिचे समभाग विकत घेता येतात. 1960 मध्ये एका बाहेरच्या कंपनीने ते घेऊन ताबा मिळवला, आणि रहिवाशांच्या लक्षात आलं की आपल्या गावाखालची जमीनच विकली गेली. गाव वाचवायला संसदेला 1962 मध्ये खास कायदा करून सार्वजनिक महामंडळ नेमावं लागलं. वेल्विन या दुसऱ्या उद्याननगरीची जमीन 1948 मध्ये सरकारी विकास महामंडळाकडे गेली, आणि वाढत्या किमतीतून गावालाच लाभ मिळण्याची मूळ योजना तिथेच संपली. तिन्ही ठिकाणी घरं सुरेख होती. फरक पडला तो दस्ताने.

आणि बोर्नव्हिल? 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली. ब्रिस्टलजवळचा कॅडबरीचा दुसरा कारखाना चालू ठेवू असं आश्वासन सौदा होण्याआधी दिलं आणि सौदा झाल्यावर काही दिवसांतच तो बंद करण्याचा निर्णय कायम ठेवला. बोर्नव्हिलच्या घरांना मात्र या सौद्यात हात लागला नाही, कारण ती विकायला कंपनीची नव्हतीच. आज ट्रस्टच्या देखरेखीखाली सुमारे 1,000 एकर जमीन आणि सुमारे 8,000 घरं आहेत, टेलफर्डजवळ लाइटमूर हे नवं गावही तिने उभं केलं आहे.

हे सगळं गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. बोर्नव्हिलवर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला पैशाच्या मुळाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरीचा बराचसा कोको पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साओ तोमे आणि प्रिन्सिपे बेटांवरून येत होता, आणि तिथल्या मळ्यांत अंगोलातून आणलेली माणसं गुलामासारखी राबत होती. कंपनीला याची कुणकुण लागली होती, चौकशा चालल्या होत्या, तरी खरेदी थांबायला 1909 उजाडलं. एका वृत्तपत्राने यावर लिहिलं म्हणून कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकलाही. पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्या रकमेतच ज्यूरीचं मत कळतं. बर्मिंगहॅमच्या मजुराला सफरचंदाचं झाड मिळालं त्या पैशात बेटावरच्या मजुराचा घाम होता. वसाहतीचा इतिहास सांगताना ही गोष्ट घंटाघर आणि हिरवळ यांच्याइतक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे, नाहीतर वारसा म्हणून आपण अर्धंच सांगतो आहोत.

दुसरा आक्षेप पालकत्वाचा. वसाहतीत दारूचा गुत्ता नाही, हा संस्थापकाचा दंडक. रहिवाशांना दिलेल्या आरोग्याच्या सूचनांत नवराबायकोने वेगवेगळ्या खाटांवर निजावं असाही सल्ला होता. इतका आत शिरण्याचा अधिकार कुठल्याच घरमालकाला नसावा. दारूबंदी तर शतकाहून जास्त टिकली. 2015 मध्ये एका लहानशा दुकानाला मद्यविक्रीचा परवाना मिळाला तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. माझं मत असं, की ट्रस्टला जमिनीवर हक्क असावा, माणसांच्या सवयींवर नसावा. या दोन गोष्टी जॉर्ज कॅडबरीने एकत्र बांधल्या होत्या, आपण त्या सोडवून घेऊ शकतो.

नियमांचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. 1967 च्या कायद्याने दीर्घ भाडेपट्ट्याच्या घरमालकांना इंग्लंडमध्ये खालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. हक्क न्याय्यच होता, पण त्यामुळे आखीव वसाहती तुकड्यातुकड्याने विरल्या असत्या. म्हणून त्याच कायद्यात वसाहतीची देखरेख टिकवणाऱ्या योजनेची सोय ठेवली, आणि बोर्नव्हिलने ती घेतली. आजही तिथे घर स्वतःचं असलं तरी खोली वाढवायची, दर्शनी खिडकी बदलायची, पुढची बाग काढून गाडीसाठी फरशी घालायची, तर ट्रस्टची परवानगी लागते. रहिवाशांना याचा जाच होतो, आणि त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. एकेरी वीट-भिंतींचं शंभर वर्षांचं घर हिवाळ्यात गरम ठेवणं महाग पडतं. ब्रिटनने 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं कायद्यानेच ठरवलं आहे. अशा वेळी सौरपट्ट्या किंवा दुहेरी काचेच्या खिडक्या केवळ जुन्या चेहऱ्यासाठी अडवणं मला पटत नाही. हार्वे आज असता तर त्याने त्या आनंदाने बसवल्या असत्या. जो माणूस मजुराला गरम पाणी मिळावं म्हणून जमिनीत टब पुरतो, तो थंडीत कुडकुडणाऱ्या म्हातारीला लाकडी चौकटीचं महत्त्व सांगत बसणार नाही.

पण पुढची बाग काढून गाडी लावायची परवानगी? तिथे मी ट्रस्टच्या बाजूने, आणि कडक. एक कुंपण गेलं तर काय बिघडतं, असं प्रत्येकाला वाटतं. रस्त्यावरची वीस कुंपणं गेली की पावसाचं पाणी मुरायला जागा उरत नाही, सावली जाते, पोरं खेळायची बंद होतात. खिडकी पुन्हा बसवता येते. चौथ्या हिस्स्याचं ते प्रमाण एकदा मोडलं की परत येत नाही, कारण मोकळी झालेली जागा कुणाची तरी मिळकत होऊन बसते.

खिडकीपेक्षा आणि कुंपणापेक्षाही जास्त जपायला हवीत ती भाड्याची घरं. देखरेखीच्या योजनेने वसाहतीचं रूप राखलं, किंमत राखली नाही. बाजारात गेलेली घरं महागत गेली, कारण सुंदर परिसराची किंमत बाजार लावतोच. 1895 च्या पहिल्या 143 घरांच्या वेळी जे झालं तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा झालं. आता वसाहतीत शिक्षिका, बसचालक, रुग्णालयातला मदतनीस राहू शकतो तो ट्रस्टच्या हातात अजून परवडणाऱ्या भाड्याची घरं आहेत म्हणून. उद्या सगळी कौलं राखली आणि ही घरं विकली, तर सधन लोकांची एक टुमदार वस्ती उरेल. तिला बोर्नव्हिल म्हणायचं कारण राहणार नाही.

ब्रिटिश सरकारने जानेवारी 2017 मध्ये 14 नव्या ‘गार्डन व्हिलेज’ जाहीर केल्या तेव्हा मला सर्वांत जास्त हीच गोष्ट खटकली. नाव जुनं उचललं, हिरवळीची चित्रं दाखवली, पण वाढत्या किमतीवर गावाचा कायमचा हक्क राहील अशी अट सगळ्यांना सरसकट घातली नाही. बाग पुढे राखायची ती कुणाच्या पैशाने, याचं उत्तर दस्तात नसेल तर ते दर महिन्याच्या देखभाल वर्गणीत शोधावं लागतं, आणि ती वर्गणी परवडेल तोच तिथे राहतो.

आपल्याकडेही हा वाद शिळा झालेला नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंगा आखलं. सावलीचे रस्ते, रस्त्यापासून आत घेतलेल्या दोन-तीन मजली इमारती, फाइव्ह गार्डन्स, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. पाडलेल्या वस्त्यांतल्या गरिबांना तिथे घर मिळालं नाही, ती मध्यमवर्गाची वसाहत झाली, हे आधी कबूल करायला हवं. तरीही मुंबईत माणसाला मोकळा श्वास देणाऱ्या मोजक्या आखीव जागांपैकी ती एक आहे. 2012 मध्ये शहराच्या वारसा यादीत अनेक नवे परिसर घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतल्या कितीतरी रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांना वारशाची कदर नाही असं तेव्हा बोललं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. गळक्या गच्चीची, तुळया गंजलेल्या इमारतीची, पागडीच्या नाममात्र भाड्याची जबाबदारी त्यांच्यावर, आणि यादी त्यांच्या हातात ठेवणार फक्त मनाई. दुरुस्तीला पैसा कुठून येणार यावर यादी गप्प. अशी यादी कुणीही नाकारेल.

मग जपायचं काय, हे नेमकं ठरवू या. इमारत पन्नास-साठ वर्षांनी बदलेल, बदलावीच लागेल. भूखंडाचा किती भाग मोकळा, रस्त्यापासून इमारत किती आत, कुठली झाडं, कुठली बाग, हे मात्र पुनर्विकासातही हलता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मुंबईच्या एका प्रकल्पात सांगितलं होतं की नियमाने ठेवायची किमान मनोरंजन जागा, जिला बिल्डरांच्या भाषेत आरजी म्हणतात, ती जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यावरच्या गच्चीवर, चालणार नाही. त्यामागचं कारण कुठल्याही माळ्याला विचारा. पोडियमच्या तीन फूट मातीत वड-पिंपळ-आंबा वाढत नाही, आणि खाली गाड्या असलेल्या स्लॅबमधून पाणी मुरत नाही.

बोर्नव्हिलच्या ट्रस्टच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट महाराष्ट्रात आहे, ती म्हणजे जमिनीचं अभिहस्तांतरण झालेली, म्हणजे जमीन बिल्डरकडून स्वतःच्या नावावर आलेली गृहनिर्माण संस्था. जमीन सभासदांची, सामायिक, हक्काची. पुनर्विकासाच्या सभांना बसलेल्या कुणालाही माहीत आहे की तिथे तासन्‌तास चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, कॉर्पसची म्हणजे बिल्डर संस्थेला देतो त्या निधीची, आणि स्थलांतराच्या काळातल्या भाड्याची. या चर्चा व्हाव्यातच, लोकांचा तो हक्क आहे. पण त्याच विकास करारनाम्यात मोकळ्या जमिनीची किमान टक्केवारी, ठेवायच्या झाडांची यादी आणि कॉर्पसचा ठरावीक हिस्सा बाग व दुरुस्ती यांखेरीज कशालाही वापरायचा नाही, ही तीन कलमं घालायला कायद्याची आडकाठी नाही. महापालिकेनेही दादर-माटुंग्यासारख्या परिसरात दर्शनी भागांची वर्णनं लिहिण्याआधी प्रत्येक रस्त्याची मोकळी जागा मोजून नकाशावर बांधून टाकावी, आणि त्या परिसरातल्या वाढीव एफएसआयसाठी, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी, बिल्डर भरतो त्या अधिमूल्यातला ठरलेला वाटा तिथल्याच जुन्या, भाडेकरूंच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. हे झालं तर 2012 मध्ये विरोध करणाऱ्यांपैकी बरेच जण यादीच्या बाजूने उभे राहतील, असा मला भरवसा वाटतो.